मागच्या स्प्रिंगा, गरजेप्रमाणे

घरी गाडी जोडायच्या किटच्या खोक्यात सगळं होतं. वेल्डिंग केलेली पाईपांची चौकट, चाकं धरणारे हात, नटबोल्टांच्या पिशव्या आणि झेरॉक्स काढलेलं एक पुस्तक. कुठला बोल्ट कुठं, कुठला पाना लागेल, किती आवळायचं, सगळं चित्रं काढून सांगितलेलं. इंजिन जुन्या छोट्या गाडीचं घ्या, पुढच्या स्प्रिंगा त्याच गाडीच्या वापरा, इथपर्यंत झकास. आणि मागच्या स्प्रिंगांच्या पानावर अख्खी एकच ओळ: मागच्या स्प्रिंगा आपापल्या गरजेप्रमाणे निवडाव्यात.

गरजेप्रमाणे! ते पान हातात धरून मी अंगणात एकटीच हसत सुटले. अरे बाबांनो, माझी गरज सांगायला बसले तर तुमचं पुस्तक पुरायचं नाही. आमचे हे आतून ओरडले, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही, मागची बाजू त्यांनी आपल्यावर सोडलीय." हे म्हणाले, "मग झालं कल्याण."

गाडी करायचं खूळ माझंच. मी चिकलठाण्याच्या एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दुसऱ्यानं केलेल्या कामात खोट काढायचा मला पगार मिळतो, आणि घरी तेच काम मी फुकट करते असं ह्यांचं म्हणणं. पन्नाशीला आल्यावर बायका भिशी लावतात, योगाला जातात. मला वाटलं, इतकी वर्षं लोकांच्या गाड्यांचे तुकडे मोजले, आता एक अख्खी गाडी आपली असावी. ह्यांनी विरोध केला नाही. म्हणजे केला, पण मी ऐकला नाही. हे बँकेत आहेत, अंगानं भरलेले आणि स्वभावानं थंड, त्यामुळं गाडीवर वजन म्हणून बसवायला आणि माझी बोलणी खायला दोन्हीला उपयोगी.

गाडी म्हणजे कशी, तर वरून उघडी. छप्पर नाही, दारं नाहीत. पुढं इंजिन, आणि दोन सीटा पार मागं, जवळपास मागच्या चाकांवरच. सीटांच्या मागं कठडा असलेली एक सामानाची जागा. गल्लीतले लोक तिला सांगाडा म्हणायचे. पासिंगसाठी घातलेल्या चकरांचं सांगत बसले तर गाडी राहील बाजूला, शेवटी नंबर मिळाला एवढंच सांगते.

आता गरज. माझी गरज म्हणजे माझा बाप.

आबा लासूर स्टेशनच्या पलीकडं वस्तीवर राहतात, माझ्या भावाकडं. आमचं घराणं मेंढरांमागचं. आबांनी जन्मभर पायानं मुलूख तुडवला, पण रस्त्यावरच्या वाहनाशी त्यांचं कधी जमलं नाही. एसटीत बसले की फाटा यायच्या आत उलटी. जीप, टमटम, टेम्पो, भावाची मोटरसायकल, कशावरही बसवा, तोंड पांढरंफटक आणि पोट ढवळायला लागलंच. माझ्या लग्नाला वऱ्हाड ट्रकमधून वैजापूरला गेलं आणि नवरीचा बाप आदल्या दिवशीच पायी निघाला. मांडवात आला तेव्हा पटक्यावर ही एवढी धूळ आणि तोंडावर त्याहून मोठं हसू.

एक रेल्वे तेवढी त्यांना सोसायची. म्हणून तर मी घर घेतलं मुकुंदवाडीत, स्टेशनाच्या अंगाला. आबा लासूरला पॅसेंजरमध्ये चढायचे, मुकुंदवाडीला उतरायचे, थोडं चाललं की लेकीचं घर. मग गुडघे गेले. डब्याची पायरी चढवेना. शेवटच्या खेपेला दोघांनी वरून हात धरून ओढलं आणि एकानं खालून ढकललं. "पोत्यागत चढिवलं मला," आबा म्हणाले, आणि त्यांनी येणंच टाकलं. फोनवर बोलायचे. मी रडायला लागले की म्हणायचे, "रडती कामून? मी काय मेलो का?"

मला माझा बाप माझ्या घरी पाहिजे होता. माझ्या ओट्यावर मांडी घालून, नाही घालता आली तर पाय सोडून, चहा बशीत ओतून पिताना. बस्स. दुसरं काही नको होतं.

गाडीची चौकट चाकांवर उभी राहिली तेव्हा मी फोन केला. "आबा, उघडी गाडी करतेय. बाजेएवढ्या उंचीवर सीट आहे. चढायचं नाही, नुसतं टेकायचं. येता का?" पलीकडं बराच वेळ नुसती शेळी ओरडत होती. मग म्हणाले, "एकडाव बसंन. पोट ढवळलं तर पुन्हा नाव काढायचं नाय."

एकदाच! आबांचा शब्द म्हणजे शब्द, तो फिरत नाही. मी फोन ठेवला आणि गाडीच्या मागच्या स्प्रिंगांच्या दोन रिकाम्या जागांकडं बघत बसले. स्प्रिंगा चुकल्या तर बाप घरी येण्याचा शेवटचा रस्ता बंद. आणि खरं सांगू? भीती वाटायच्या ऐवजी मला गुदगुल्या होत होत्या. इतकं महत्त्वाचं काम कंपनीनं मला कधी दिलं नव्हतं.

पहिल्या स्प्रिंगा फुकट मिळाल्या, शेजाऱ्यांच्या जुन्या लोडिंग रिक्षाच्या. फुकट मिळालेलं मी आधी लावून बघते, मग नावं ठेवते. लावल्या. हे शेजारच्या सीटवर बसले, आणि आम्ही गल्लीतल्या स्पीडब्रेकरवरून गेलो. हे वर उडाले. उडाले ते उडाले, खाली आले तेव्हा सीट वर येत होती.

"आई गं!" हे ओरडले. "अगं, कंबर आहे माझी, कांद्याचा ट्रक नाही!"

मी इतकी हसत होते की ब्रेक लावायचं राहून गेलं आणि पुढचाही स्पीडब्रेकर गेला. त्यानंतर हे खाली उतरले आणि घरापर्यंत चालत आले. माझ्याशी बोलले ते थेट जेवायच्या वेळी, तेही फक्त मीठ मागायला.

मग मला वाटलं, सोपं आहे. म्हातारं माणूस. म्हाताऱ्या माणसाला आपण काय देतो? मऊ भात, मऊ भाकरी, खाली गोधडी, तिच्याखाली आणखी एक गोधडी. बापाला बसवायचं तर मऊत मऊ स्प्रिंग पाहिजे. यात विचार करण्यासारखं आहेच काय! जुन्या सुट्या भागांच्या बाजारात गेले. दुकानदार ओळखीचा झाला होता, मला बघितलं की स्टूल पुसायचा. म्हटलं, "भाई, नरम पाहिजे. एकदम नरम."

"नरम होना ना आपा? ये लेव. बडी गाडी की है, साब लोगां की. मख्खन है मख्खन!"

खरंच मख्खन होत्या. हातानं दाबली तरी गाडी लवायची आणि सावकाश वर यायची. मी तर वेडीच झाले. रविवारी एमआयडीसीचे रस्ते ओस असतात, ह्यांना घेऊन तिकडं गेले. काय सांगू तुम्हाला! खड्डा आला कधी, गेला कधी, पत्ता नाही. गाडी तरंगत होती. मी मोठ्यानं गाणं म्हणत होते, जे मी एरवी बाथरूममध्येसुद्धा दार बंद असल्याची खात्री करून म्हणते.

"झोपाळा आहे गं हा," हे म्हणाले. मी म्हटलं, "आहे की नाही?" थोड्या वेळानं बघितलं तर ह्यांचं बोलणं बंद. मग घाम. मग एक हात वर. "थांबव. थांबव म्हणतो ना!" आणि माझा नवरा, ज्याला बिर्याणीवर पाणीपुरी पचते, तो एका बंद कारखान्याच्या भिंतीपाशी ओणवा झाला.

मी आधी ह्यांच्यावर चिडले. म्हटलं, "तुम्हाला काय होतंय? तुम्ही काय आबा आहात का?" मग स्प्रिंगांवर चिडले, मग दुकानदारावर. आणि मग एकदम लक्षात आलं. ह्यांची ही गत, तर आबांचं काय झालं असतं? मऊ मऊ करत मी माझ्या बापाला ओकायला लावणारी गाडी केली होती.

दुसऱ्या दिवशी कंपनीत जेवायच्या सुट्टीत डबा उघडा ठेवून मोबाईलवर शोधत बसले. इंग्रजी, हिंदी, जे मिळेल ते वाचलं. आणि मिळालं! गाडी दाबून सोडली की ती खालीवर हलते, तिची एक लय असते. फार भरभर हलली तर हाडं खिळखिळी होतात. फार सावकाश हलली तर पोट ढवळतं. आणि माणसाच्या अंगाला सगळ्यात मानवते ती लय म्हणजे आपण चालतो ती. चालताना आपलं अंग खालीवर होतच असतं, जन्मापासून त्याची सवय असते, पोटाला ते कळतसुद्धा नाही.

चालताना! मी कँटीनमध्ये ताडकन उभी राहिले. माझा बाप जन्मभर दुसरं करत काय आला? समोरच्या मॅडम म्हणाल्या, "काय गं, लॉटरी लागली का?" म्हटलं, "त्याच्यापेक्षा भारी!" आणि त्यांच्या डब्यातली मिरची तोंडात टाकली आणि रडत रडत हसले, मिरचीनं.

संध्याकाळी अंगणात परीक्षा. मी ह्यांना सांगितलं, "तुम्ही मागून गाडी दाबा आणि सोडा, दाबा आणि सोडा. मी शेजारून आबांसारखी चालते. गाडीचं खालीवर होणं आणि माझं पाऊल एकत्र पडलं पाहिजे." फरशी पुसायच्या मॉपची दांडी घेतली खांद्यावर आडवी, दोन्ही हात तिच्यावरून लोंबते सोडले, आबा मेंढरांमागं चालायचे तसे, आणि निघाले. मऊ स्प्रिंगांवर पाऊल उचललं की ते हवेतच, गाडी काही खाली येईना. ह्यांना म्हटलं, "असे चालले असते आबा तर मेंढरं पैठणला पोचली असती आणि आबा लासूरलाच." मग रिक्षाच्या स्प्रिंगा परत बसवल्या. त्यांच्यावर तर मला अंगणभर तुरुतुरु पळावं लागलं. हे दाबायचं सोडून पोट धरून खाली बसले. गल्लीतली पोरंबाळं, बायका, सगळी फाटकाशी जमली. एक आजी म्हणाल्या, "बाधा झाली का गं बाई हिला?"

म्हटलं, "व्हय आजी, लई मोठी बाधा झालीय!"

म्हणजे स्प्रिंग पाहिजे ती दोन्हींच्या मधली. पण मधली म्हणजे नक्की केवढी? त्यासाठी वजन पाहिजे, कारण तीच स्प्रिंग जास्त वजनाखाली सावकाश हलते आणि कमी वजनाखाली भरभर. गाडीचं मागचं वजन गल्लीतल्या धान्याच्या दुकानातल्या काट्यावर घेतलं, एकेक चाक चढवून. माझं वजन मला माहीत होतं, ते मी कुणाला सांगितलं नाही. राहिले आबा. वहिनीला, म्हणजे भावाच्या बायकोला फोन लावला.

"वहिनी, आबांचं वजन करून सांग."

"कामून ओ ताई? इकायचेत का?"

वहिनी अशी आहे. तिनं आबांना कांदा मोजायच्या काट्यावर उभं केलं. आबा काठी सोडेनात, पटका काढेनात, म्हणे काय मोजायचं ते आसंच मोजा. मग काठीचं वजन वेगळं घेऊन ते वजा केलं. पटक्याचं राहू दिलं, कारण आबा पटक्याशिवाय गाडीत बसणारच नव्हते. इतकं चोख गणित मी कंपनीतही कधी केलं नाही. गाडी, मी, आबा, पटका.

आकडे घेऊन एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये गेले, तिथं तार वळून स्प्रिंगा करून देतात. मालकानं कागद बघितला आणि म्हणाला, "ह्या जाडीची तार संपलीय मॅडम. ह्याच्यापेक्षा एक नंबर जाड आहे. चालंल का?" मी म्हटलं, चालणार नाही. तो म्हणाला, मग दोन महिने थांबा. मला थांबता येत असतं तर मी गाडी कशाला केली असती? म्हटलं, "वळा."

लावल्या. आबांच्या सीटवर त्यांच्या वजनाचं गव्हाचं पोतं ठेवलं, पट्टा लावला, वर ह्यांची टोपी घातली. रस्त्यात दोघांनी त्या पोत्याला रामराम केला. गाडी छान चालली, खोटं बोलत नाही. पण अंगणात मॉपची दांडी घेऊन शेजारून चालले तर पाऊल जुळेना. लगबगीनं, कुणीतरी मागं लागल्यासारखं चालावं लागत होतं. जाड तार शेवटी नडलीच. मी कपाळावर हात मारला आणि दुसऱ्या जोडीची ऑर्डर देऊन आले.

ती तार यायच्या आधीच वहिनीचा फोन. "ताई, आबांनी धोतर धुऊन वाळू घातलंय. म्हन्तेत, येत्या रविवारी जातो लेकीकडं. न्यायचं तर न्या, मन फिरलं तर मी जबाबदार नाय."

आता काय करता! दोन महिने थांबा म्हटलं तर आबा थांबतील, पण मग धोतर परत वाळत पडणार नाही. मी म्हटलं, येते.

रविवारी सकाळी निघाले. मी गाडीत एकटी, हे मागून मोटरसायकलवर. ह्यांच्या गळ्यातल्या पिशवीत लिंबं, पाण्याच्या बाटल्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या, ओला नॅपकिन, सगळी तयारी. शेजारची सीट रिकामी, त्यामुळं गाडीचं मागचं अंग नुसतं थुईथुई नाचत होतं. प्रत्येक खड्ड्याला मी स्वतःला शिव्या घालत होते. पडेगाव मागं पडलं, रस्ता मोकळा झाला, वारा तोंडावर यायला लागला, आणि तरी मला हसू येत होतं. आपण स्वतः केलेल्या गाडीतून माहेरी जातोय हे काही केल्या खरं वाटेना.

वस्तीवर सगळे बाहेरच उभे. आबा धुतलेल्या धोतरात, दाढी केलेली, हातात काठी. गाडीभोवती एक चक्कर मारली, चाकाला काठी लावून बघितली. "पत्रा कुठंय हिचा?" म्हटलं, "नाही." "बरंय. वारा लागंन." आणि सीटवर टेकले. नुसतं टेकले! ओढलं नाही, ढकललं नाही. मी तिकडं तोंड फिरवून डोळे पुसले.

वळून बघते तर वहिनी आणि भाऊ मागं सामान लादतायत. अर्धं पोतं बाजरी. कांद्याची गोणी. भुईमुगाच्या शेंगा. दोन लालभोपळे, एकेक पोराएवढा. कुरडयांचा डबा.

"अगं ए! काय करतेस?" मी धावले. "उतरव, उतरव ते! माझं वजनाचं सगळं गणित आहे!"

"गनित तुमचं," वहिनी म्हणाली. "लेक माहेरातून रिकामी जाती का कधी? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

 पटक्याचं वजन धरणारी मी! लग्न झाल्यापासून एकदाही ह्या वस्तीवरून रिकामी गेले नाही, पॅसेंजरमध्ये स्वतःच्या बाजरीच्या पोत्यावर बसून गेले, आणि गणित करताना हे डोक्यात आलंच नाही. कंपनीत दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याची चामडी लोळवली असती.

तेवढ्यात भावानं शेळी आणली.

"ही कशाला?"

"ती माझ्याशिवाय कुनाला धार काढू देत नाय," आबा सीटवरून म्हणाले. "ती येईन."

"आबा, शेळी नाही बसणार गाडीत!"

"मंग मी बी उतरतो."

 शेळी कठड्याच्या आत चढली, कांद्यावर पाय देऊन उभी राहिली आणि आमच्याकडं बघून ओरडली. मला इतका संताप आला, इतका संताप आला, की मी मागं जाऊन कठड्याच्या पाईपावर दोन्ही हात दाणकन आपटले.

गाडी लवली. आणि वर आली. न घाई, न आळस. मी तिच्याकडं बघत राहिले. परत दाबली. परत तशीच. जाड तारेवर बाजरी, कांदे, भोपळे आणि शेळी बसल्यावर जे व्हायला पाहिजे तेच झालं होतं. मी आबांच्या हातातली काठी ओढून घेतली, आडवी खांद्यावर टाकली आणि ह्यांना ओरडले, "दाबा! दाबा आणि सोडा!" आणि शेजारून चालले. पाऊल पडलं की गाडी खाली, उचललं की वर. आपोआप. मी वहिनीला मिठी मारली आणि गरागरा फिरवली. ती म्हणाली, "अवो सोडा, सोडा, काय झालं?" म्हटलं, "आणखी काही द्यायचं राहिलंय का बघ!"

ह्यांनी मात्र पिशवीतली लिंबं परत एकदा मोजली. ह्यांचा अजून विश्वास नव्हता.

निघालो. पहिला थोडा वेळ मी रस्ता कमी बघितला आणि आबांचं तोंड जास्त. आबा काठी दोन्ही हातांनी धरून, ओठ घट्ट मिटून, सरळ समोर. फाटा आला. जिथं एसटीत हमखास व्हायचं तो फाटा.  गेला फाटा. मोठ्या रस्त्याला लागलो, एक ट्रक शेजारून गेला, धुरळा उडाला, आबांनी काठीची पकड सोडली नाही. मग त्यांनी डोळे मिटले. झालं, संपलं! मी म्हटलं, आता आलं. गाडी कडेला घेतली, थांबवली. मागून हे पिशवी उघडत धावत आले.

आबांनी डोळे उघडले. "थांबलीस कामून?"

"आबा, होतंय का काही?"

"व्हय," आबा म्हणाले. "वारं गार लागतंय. डोळा लागत व्हता." मग ह्यांच्या हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीकडं बघितलं. "जावईबापू, बाजार करायचाय का?"

हे पिशवी खिशात कोंबून परत मोटरसायकलवर जाऊन बसले. मी हसत होते की रडत होते मला माहीत नाही, गाडी मात्र सुरू केली.

शहरात शिरलो. छावणीपाशी माणसं थांबून बघायला लागली. उघडी गाडी, पटकेवाला बाबा, मागं शेळी, शेळीच्या तोंडात कांद्याची पात. सिग्नलला रिक्षावाले फोटो काढत होते. "बाबा, कां जा रए?" एकानं विचारलं. आबा म्हणाले, "लेकीकडं!" इतक्या जोरात म्हणाले की पलीकडच्या बसमधल्या बायकांनी खिडकीतून माना काढल्या. जालना रोडच्या उड्डाणपुलावर चढलो तेव्हा आबांनी एक हात काठीवरून काढला आणि बाहेर वाऱ्यात धरला. आयुष्यात पहिल्यांदा माझा बाप वाहनात बसून खूश झालेला मी बघितला. मी हॉर्न वाजवला, कारण नसताना. परत वाजवला.

मुकुंदवाडीला वळले, गल्लीत आले, घरापुढं गाडी उभी केली. ओट्यावर मी सकाळीच सतरंजी टाकून गेले होते. उतरून आबांच्या बाजूला गेले आणि हात पुढं केला.

"उतरा आबा. आलं घर."

आबा उतरेनात. घराकडं बघितलं, गल्लीच्या दोन्ही टोकांकडं बघितलं. मी घाबरले. म्हटलं, "काय झालं? पोटात...?"

"पोटाला काय धाड भरलीय! हे घर तर मी धा वेळा बघितलं. टेसनावरून घर, घरावरून टेसन. तू रोज कामाला कुठं जाती?"

"चिकलठाण्याला. इथून पुढं. कंपनीत."

"लांब हाय का?"

"नाही आबा. जवळच आहे."

"मंग तिकडं घे."

मी परत गाडीत बसले. किल्ली लावली. इतकी वर्षं फोनवर सांगत आले, आबा, आज कंपनीत असं झालं, आज साहेब असं म्हणाले, आबा म्हणायचे, बरं. त्यांना डोळ्यांपुढं काय दिसत असेल ह्याचा मी कधी विचारच केला नव्हता.

रविवार होता, कंपनीचं गेट बंद. गाडी समोर थांबवली तसा वॉचमन केबिनमधून बाहेर आला. आधी शेळीकडं बघितलं, मग मला ओळखलं आणि सलाम ठोकला. आबा सीटवर सरळ होऊन बसले. गेटकडं बघितलं, आतल्या लांब शेडकडं बघितलं, वरच्या पाटीकडं बघितलं, जी त्यांना वाचता येत नाही. मग काठीनं माझ्याकडं दाखवून वॉचमनला म्हणाले,

"ही माझी लेक. हितं काम करती. ही गाडी बी तिनंच केली."

वॉचमन हसला. "माहीत हाय ना बाबा. मॅडम रोज येतेत, इतक्या वर्षांपासून."

"तुला माहीत आसंन," आबा म्हणाले. "मला आज दिसलं."